नेम आणि सोय



गेल्या आषाढीला द्वादशीचे पारणे सोडून आम्ही चार जण पंढरीत मठाच्या ओसरीवर बसलो होतो. ज्याचा आजा आमच्या फडावर वीणा धरायचा, त्या घरातला एक मुलगा अमेरिकेत ह्यूस्टन शहरी नोकरी करतो. रजा काढून वारीला आला होता. पायाला फोड आले होते, पण तोंडावर समाधान होते. त्याने मला विचारले, "बुवा, एक शंका आहे. आपल्या धर्माचा नेम मोडू नये म्हणून शाळेच्या खेळाची वेळ बदलून मागावी का? की देवासाठी खेळ सोडून द्यावा आणि गप्प बसावे?"

खरे सांगतो, मला प्रश्न किरकोळ वाटला. खेळाच्या वेळेत कसला आला परमार्थ? पण त्याने सारी हकिगत सांगितली आणि रात्री मला झोप लागेना. कारण त्या प्रश्नात माझीच एक जुनी चूक लपलेली होती. ती पुढे सांगतो. आधी हकिगत ऐका.

ह्यूस्टनला बेरेन अकॅडमी नावाची ज्यू लोकांची शाळा आहे. तिथली मुले बास्केटबॉल खेळतात. २०१२ साली त्यांचा संघ टेक्सास राज्यातल्या खासगी आणि धार्मिक शाळांच्या स्पर्धेत जिंकत जिंकत उपांत्य फेरीपर्यंत गेला. तो सामना ठरला होता २ मार्चला, शुक्रवारी रात्री ९ वाजता. जिंकले तर अंतिम सामना शनिवारी दुपारी. आणि अडचण इथेच होती. ज्यू लोकांचा शब्बाथ शुक्रवारी सूर्य मावळताना लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसले की सुटतो. मधल्या काळात ते खेळणार नाहीत. शाळेने विनंती केली की वेळ थोडी पुढे-मागे करावी. स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेने नकार दिला. मुलांनी आणि शाळेने ठरवले की खेळणार नाही. उपांत्य फेरी हातची गेली तरी चालेल, शब्बाथ मोडणार नाही.

मग गवगवा झाला. शहराच्या महापौरांपासून अनेकांनी संघटनेला विनवले. शाळा कोर्टात गेली नाही. काही पालक आणि खेळाडू मात्र सामन्याच्या आदल्या दिवशी गेले. न्यायाधीशांनी काही म्हणण्याआधीच संघटनेने माघार घेतली. उपांत्य सामना शुक्रवारी दुपारी २ वाजता झाला आणि अंतिम सामना शनिवारी रात्री ८ वाजता. मुलांनी उपांत्य सामना ५८ विरुद्ध ४६ असा जिंकला. अंतिम सामना ४६ विरुद्ध ४२ असा हरले. चार गुणांनी.

ही झाली हकिगत. आता विचार करू.

शब्बाथ म्हणजे काय, हे आपल्याला कळायला अवघड नाही. सहा दिवस काम, सातवा दिवस देवाचा. त्या दिवशी शेती नाही, व्यापार नाही, चूल पेटवायची नाही, लिहायचे नाही. त्यांच्या शास्त्रकारांनी वर्ज्य कामांचे ३९ प्रकार सांगितले आहेत. घरच्यांबरोबर जेवायचे, प्रार्थना करायची, शास्त्र वाचायचे. आणि एक गोष्ट मला फार आवडली. विश्रांती एकट्या धन्याला नाही. घरातल्या गड्यालाही आहे, परक्या पाहुण्यालाही आहे, बैलालाही आहे. आपण वर्षातून एकदा पोळ्याला बैलाच्या मानेवरचे जू उतरवतो. त्यांच्या शास्त्राने ते दर आठवड्याला उतरवले.

आपली तिथी सूर्योदयावरून पाहतात, त्यांचा दिवस सूर्यास्तापासून मोजतात. स्मार्त एकादशी कोणती आणि भागवत एकादशी कोणती, म्हणून पंचांग चाळणाऱ्या वारकऱ्याला, सूर्य मावळण्याआधी साडेचार तास आणि मावळल्यानंतर अडीच तास यांत केवढे अंतर असते, हे समजावून सांगावे लागत नाही. मार्चच्या सुरुवातीला तिकडे सूर्य साडेसहाच्या सुमारास मावळतो. दुपारी २ चा सामना शब्बाथाच्या अलीकडे राहतो, रात्री ९ चा पलीकडे जातो.

आणि हा नेम आपल्या मुलखाला परकाही नाही. कोकणात कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, बेने इस्रायल लोक शतकानुशतके राहिले. घाण्यावर तेल गाळायचे, मराठी बोलायचे, गावावरून पेणकर, रोहेकर अशी आडनावे लावायचे. कालौघात त्यांचे पुष्कळ शास्त्र विसरले गेले, पण शनिवार विसरला नाही. त्या दिवशी त्यांचा घाणा फिरायचा नाही. म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. शंकराचा वार म्हणून सोमवारी घाणा बंद ठेवणारे हिंदू तेली होते, ते सोमवार तेली. एकाचा घाणा सोमवारी थांबे, दुसऱ्याचा शनिवारी. गावाने एकाला दुसऱ्याच्या वारी राबायला लावले नाही. दोघांना त्यांच्या नेमाचेच नाव दिले. याच बेने इस्रायल मंडळींनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुंबईत आपले कीर्तन उचलले आणि अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने मराठीत लावली. तेव्हा हा विचार परक्याच्या अंगणातला नाही. शेजाऱ्याच्या ओसरीवरचा आहे.

कीर्तनात पूर्वपक्ष मांडल्याशिवाय सिद्धांत सांगू नये. म्हणून संघटनेची बाजू आधी ऐकू.

संघटनेचे म्हणणे असे होते की, तुम्ही आमच्यात आलात तेव्हा स्पर्धा शुक्रवारी-शनिवारी असते हे तुम्हाला ठाऊक होते. एकाला सवलत दिली तर दुसरा मागेल, तिसरा मागेल. मग वेळापत्रकाला अर्थ काय उरला?

हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही, आणि वारकऱ्याने तर मुळीच उडवू नये. आपल्या सोहळ्याइतके वेळापत्रक कोण पाळतो? ज्येष्ठ वद्य अष्टमीला माउलींचे आळंदीहून प्रस्थान म्हणजे प्रस्थान. विसावा कुठे, मुक्काम कुठे, रिंगण कुठे, सारे ठरलेले. रथापुढची दिंडी कितवी आणि रथामागची कितवी, यात कोणी फरक करू शकत नाही. एका दिंडीचा स्वयंपाक मागे राहिला म्हणून पालखी थांबत नाही. थांबली तर लाखो लोकांचे पाणी, जेवण, निजणे सारे कोलमडेल. तेव्हा नियम सांभाळणाऱ्याला निष्ठुर म्हणण्याची घाई आपण करू नये.

तरीही मला संघटनेचे चुकले असे वाटते. का, ते सांगण्यासाठी माझी चूक सांगितली पाहिजे.

तीसेक वर्षे झाली असतील. एका गावात तुकाराम बीजेचा सप्ताह होता आणि पाचव्या दिवसाची सेवा माझी होती. बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया, म्हणजे बहुतेक मार्च महिना, म्हणजे दहावीची परीक्षा. दुपारी गावच्या शाळेचे हेडमास्तर मला भेटायला आले. चांगला माणूस, गळ्यात माळ. म्हणाले, "बुवा, उद्या मुलांचा गणिताचा पेपर आहे. आजचे कीर्तन सहा ते आठ घेता का? नाहीतर निदान कर्णा तरी बंद ठेवायला सांगा. देवळाभोवती सगळी घरे आहेत."

मी तेव्हा चाळिशीत होतो. आवाज चढता होता, नाव होत होते. मी म्हणालो, "गुरुजी, नऊ ते अकरा ही संप्रदायाची वेळ आहे. देवाच्या कामात शाळा आणू नका." भोवतीची मंडळी खूश झाली. हेडमास्तर हात जोडून निघून गेले.

रात्री मी उभा राहिलो. मागे टाळकरी, शेजारी मृदंग, पुढे भरलेला मंडप. निरूपणाचा विषय होता भूतदया. सर्वांभूती देव कसा पाहावा, हे मी रंगून सांगत होतो. सांगता सांगता नजर देवळाच्या पायरीकडे गेली. दिव्याखाली एक मुलगी पुस्तक उघडून बसली होती. एका कानात बोट, दुसऱ्या हाताने ओळीवरून बोट फिरवते आहे. तिचे घर देवळाच्या भिंतीला लागून होते, असे नंतर कळले. घरात बसले काय आणि पायरीवर बसले काय, कर्णा सारखाच ऐकू येणार, निदान इथे उजेड तरी बरा, असे तिला वाटले असावे. मी तिला पाहिले आणि निरूपण पुढे चालू ठेवले. तिचा पेपर कसा गेला ते मी कधी विचारले नाही.

आता मला सांगा, नऊ ते अकरा ही वेळ कुठल्या ग्रंथात लिहिली आहे? कोठेही नाही. दिवसभर रानात राबलेला माणूस घरी यावा, गुरांची व्यवस्था व्हावी, चार घास खाऊन तो निवांत बसावा, म्हणून आपल्या वाडवडिलांनी ही वेळ धरली. ती सोय होती. दुसऱ्याची अडचण पाहून धरलेली सोय. मी मात्र त्या सोयीला नेमाचा अंगरखा घातला आणि तिच्यापुढे एका लेकराची परीक्षा उभी केली. कीर्तन हा नेम होता. नऊचा ठोका ही सोय होती. कीर्तन सहाला केले असते तर देव उठून गेला नसता.

तर माझ्या मते विचाराची किल्ली इथे आहे. दोघांचे वेळापत्रक आदळते तेव्हा आधी पाहावे, यात नेम कोणता आणि सोय कोणती. शुक्रवारी सूर्यास्त हा त्या मुलांचा नेम होता. तो त्यांनी ठरवलेला नव्हता आणि त्यांना हलवता येण्यासारखाही नव्हता. रात्रीचे ९ ही संघटनेची सोय होती. मैदान तेच, पंच तेच, चेंडू तोच. दुपारी २ ला खेळल्याने खेळाचे काही उणे झाले नाही, हे पुढे दिसलेच. नेम आणि सोय समोरासमोर आले तर सोयीने बाजूला व्हावे. पालखी एका दिंडीसाठी थांबत नाही, कारण ती थांबली तर लाखोंचे हाल होतात. दोन सामन्यांच्या वेळा बदलल्या तर थोड्यांची थोडी गैरसोय होते. भार किती पडतो आणि कोणावर पडतो, हे तोलून पाहिले पाहिजे. न तोलता "नियम म्हणजे नियम" म्हणणे सोपे असते. मी म्हटलेले आहे.

आणखी एक गोष्ट त्या मुलाने सांगितली, ती ऐकून मी चमकलो. त्या स्पर्धेत रविवारी सामने ठेवत नाहीत. संघटनेतल्या बहुतेक शाळा ख्रिस्ती. रविवार त्यांचा प्रार्थनेचा दिवस. म्हणजे वेळापत्रकाला धर्म ठाऊक होता. फक्त तो बहुतांचा होता, म्हणून तो कोणाला मागावा लागला नाही आणि कोणाच्या डोळ्यांवर आला नाही. थोड्यांनी तेवढेच मागितले तेव्हा ती सवलत झाली.

माउली, बहुतांचा नेम हवेसारखा असतो. भोवती सगळीकडे असतो, म्हणून दिसत नाही. आपणही या मुलखात बहुत आहोत. पालखी येते तेव्हा रस्ते बंद होतात, वाहने दुसरीकडून वळतात, शाळांच्या खोल्या दिंड्यांच्या मुक्कामाला मिळतात. कोणाचा दवाखाना लांब पडतो, कोणाचा धंदा दोन दिवस बसतो. आपण ते कधी मोजले आहे का? लोक प्रेमाने करतात हे खरे. पण ज्याच्यासाठी जग वाट सोडते, त्याने दुसऱ्याला वाट सोडताना कुरकुरू नये.

आणि आपल्यासाठी कोणी काय सोडले याचे ताजे उदाहरण देतो. १० जुलै २०२२ ला आषाढी एकादशी आणि बकरी ईद एकाच दिवशी आली. पुढच्या वर्षी, २९ जून २०२३ ला, पुन्हा तसेच झाले. महाराष्ट्रात अनेक गावांतल्या मुसलमान मंडळींनी आपण होऊन ठरवले की एकादशीच्या दिवशी कुर्बानी करायची नाही. नमाज त्या दिवशी, कुर्बानी दुसऱ्या दिवशी. त्यांच्या शास्त्रात कुर्बानीला तीन दिवसांची मुभा आहे. म्हणजे त्यांनी नेम मोडला नाही. नेमाच्या आत जेवढी जागा होती, ती शेजाऱ्यासाठी वापरली. दोन नेम समोरासमोर येतात तेव्हा काय करावे, याचे उत्तर मला यात मिळते. ज्याच्या नेमात जागा आहे त्याने सरकावे. एकादशी दुसऱ्या दिवशी नेता येत नाही, कुर्बानी नेता येते, हे त्यांनी आपल्या वतीने पाहिले. आपल्या नेमांत अशी जागा कुठे कुठे आहे, हे आपण त्यांच्या वतीने पाहतो का?

आता त्या मुलाच्या शंकेचा दुसरा भाग. मागावे की गप्प बसावे? आपल्यात एक समज आहे की खऱ्या भक्ताने काही मागू नये, सोसावे. तो खोटा नाही, पण अर्धा आहे. आपल्या पालखीतच पाहा. मुक्कामाच्या तळावर संध्याकाळी समाज आरतीला साऱ्या दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळ-मृदंगाचा गजर चालू असतो. चोपदार चोप उंच करतो आणि क्षणात सारा तळ शांत होतो. पण ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल ती टाळ वाजवणे थांबवत नाही. एवढ्या शांततेत तेवढेच टाळ वाजत राहतात. मग चोपदार त्या दिंडीकडे जातात, काय झाले ते ऐकतात, मिटवतात. तोवर सारा तळ उभा असतो, माउलींची आरतीही थांबलेली असते. गाऱ्हाणे ऐकले गेले की ते टाळ थांबतात आणि मग आरती होते.

पालखी रस्त्यात एका दिंडीसाठी थांबत नाही, पण तळावर एका दिंडीचे ऐकल्याशिवाय आरती होत नाही. आपल्या थोरांनी दोन्ही गोष्टी एकाच सोहळ्यात ठेवल्या. मागणे हा अपराध असता तर त्याला अशी जागा दिली नसती. त्या ज्यू मुलांनी केले ते हेच. सारा तळ शांत झाला तेव्हा टाळ वाजवले.

पण टाळ वाजवणाऱ्यालाही एक पथ्य आहे. ऐकून घेतल्यावर निर्णय आपल्यासारखा लागला नाही, तर वारी सोडायची नाही आणि नेमही सोडायचा नाही. नुकसान आपल्या पदरात घ्यायचे. ज्या नेमासाठी आपण काही गमवायला तयार नाही, त्या नेमासाठी दुसऱ्याला कष्ट देण्याचा अधिकार आपल्याला नाही. मला त्या मुलांचे मोठेपण इथे दिसते. वेळ बदलेल की नाही हे ठाऊक नसताना त्यांनी आधीच ठरवले होते की खेळणार नाही. गमावण्याची तयारी आधी, मागणे नंतर.

या बाबतीत एरिक लिडेल नावाच्या धावपटूची गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा स्कॉटलंडचा, श्रद्धावान ख्रिस्ती. १९२४ साली पॅरिसच्या ऑलिंपिकमध्ये १०० मीटर धावणे हा त्याचा हातखंडा प्रकार होता. पण त्याच्या पहिल्या फेऱ्या रविवारी आल्या. रविवार देवाचा, म्हणून तो त्या शर्यतीत उतरला नाही. ऑलिंपिक एकासाठी थांबण्यासारखे नव्हते, आमच्या पालखीसारखेच. त्याने ४०० मीटरची तयारी केली, ११ जुलैला धावला आणि ४७.६ सेकंदांत सुवर्णपदक घेतले. ही गोष्ट सगळे सांगतात. पण पदक मिळाले म्हणून त्याचा नेम खरा ठरला असे नाही. पदक मिळाले नसते तरी तो तेवढाच खरा होता. बेरेनची मुले चार गुणांनी हरली. त्याने त्यांच्या शब्बाथाचे काय उणे झाले?

लिडेलची पुढची गोष्ट कमी लोक सांगतात, आणि मला ती अधिक मोलाची वाटते. तो चीनमध्ये धर्मसेवेला गेला. दुसऱ्या महायुद्धात जपानी सैन्याने त्याला इतर परदेशी लोकांबरोबर एका छावणीत कोंडले. तिथे आईबापांपासून तुटलेली पुष्कळ मुले होती. लिडेल त्यांचे खेळ घ्यायचा, पण रविवारी नाही. एका रविवारी मुलांनी आपले आपण खेळायला घेतले आणि पंच नसल्याने सामन्याची मारामारी झाली. त्या छावणीतून वाचलेल्यांनी सांगून ठेवले आहे की पुढच्या रविवारी लिडेल स्वतः पंच म्हणून मैदानात उभा राहिला. सोन्याच्या पदकासाठी ज्याने रविवार मोडला नाही, त्याने कोंडलेल्या लेकरांसाठी तो सैल केला. १९४५ साली त्याच छावणीत त्याने देह ठेवला.

हे ऐकताना तुम्हाला नाथमहाराज आठवले असतील. काशीच्या गंगेची कावड रामेश्वरी घालायची, केवढा मोठा संकल्प! आणि वाळवंटात तडफडणारे गाढव दिसताच ती कावड त्याच्या तोंडी ओतली. ज्यू धर्मातही हेच सांगितले आहे. कोणाचा जीव वाचवायचा असेल तर शब्बाथ मोडायचा, नव्हे, मोडलाच पाहिजे. म्हणजे नेमाच्या वर एक गोष्ट सगळ्यांनीच मानली आहे आणि ती म्हणजे जीव. पण नाथांनी कावड गाढवासाठी ओतली, वाटेत ओझे होते म्हणून नाही ओतली. लिडेलने रविवार मुलांसाठी सैल केला, पदकासाठी नाही. आपला नेम दुसऱ्याच्या दुःखासाठी वाकला तर त्याची शोभा वाढते. आपल्याच लाभासाठी वाकला तर तो नेम नव्हता, सवय होती.

ह्यूस्टनच्या त्या मुलाला मी दुसऱ्या दिवशी सकाळी उत्तर दिले. त्याच्या मनातला खरा प्रश्न तेव्हा बाहेर आला. त्याचा मुलगा तिकडे शाळेत फुटबॉल खेळतो आणि एक सामना एकादशीला येतो आहे. शाळेला पत्र लिहावे का? मी म्हणालो, "बाबा, एकादशीने काय सांगितले आहे? उपास, नामस्मरण, जागर. खेळू नये असे कुठे सांगितले आहे? पोराला खेळू दे. उपास झेपत नसेल तर दूध-फळे घेऊ दे आणि घरी आल्यावर तुझ्याबरोबर हरिपाठ म्हणू दे. इथे वेळ बदलून मागितलीस तर ती नेमासाठी नसेल, नेमाचे नाव घेऊन सोयीसाठी असेल. मात्र त्याच्या वर्गातल्या एखाद्या ज्यू मुलाचा सामना शुक्रवारी रात्री ठेवला असेल, तर त्याच्या बाजूने पत्र तू लिही. त्याने मागण्याआधी लिही."

तो हसला. म्हणाला, "बुवा, म्हणजे आपल्यासाठी नियम कडक आणि दुसऱ्यासाठी मऊ?" मी म्हणालो, "आता तुला वारी समजली."

आणि तुम्हाला, माउली, एवढेच मागतो. तुमच्या गावी सप्ताह बसेल तेव्हा पत्रिका छापण्याआधी एकदा शाळेत जाऊन परीक्षांच्या तारखा विचारा. कर्ण्याचे तोंड कोणाच्या खिडकीकडे आहे ते पाहा. शाळेच्या मैदानावर सामने भरवणारे तुमच्यापैकी कोणी असतील, तर तारीख ठरवताना विचारा की कोणा लेकराचा रोजा आहे का, कोणाचा रविवार आहे का, कोणाचा शनिवार आहे का. सगळेच बदलता येणार नाही. पण आधी विचारले तर पुष्कळ बदलता येते, आणि जे बदलत नाही तेही माणूस गोडीने सोसतो, कारण त्याचे टाळ कोणीतरी ऐकलेले असतात.

आपला देव तरी कोण? पुंडलिकाला भेटायला दारी आला. पुंडलिक आईबापांच्या सेवेत होता. साक्षात परब्रह्म उभे आहे म्हणून त्याने सेवा सोडली नाही. वीट पुढे केली आणि थांबायला सांगितले. देवाने म्हटले नाही की माझी वेळ ठरलेली आहे. कमरेवर हात ठेवून तो एका माणसाच्या नेमासाठी विटेवर उभा राहिला, तो अजून उभा आहे. त्याच्या पायांवर डोके ठेवायला आपण दोन-अडीचशे किलोमीटर चालत जातो.

मी त्या रात्री तीन तास थांबू शकलो नाही असे नाही. तीन तास आधी उभा राहू शकलो नाही, एवढेच होते. देवळाच्या पायरीवरची ती मुलगी आता पंचेचाळिशीची असेल. कोठे असेल, माहीत नाही. हा लेख तिच्या हाती पडलाच, तर तिने या म्हाताऱ्याला क्षमा करावी.

रामकृष्णहरी.